ग्लुकोज मोजणारा पातळ थर : पट्टीतले एन्झाइम, त्यावरचे पडदे आणि आपल्याकडचे रक्त

पातळथर (धागाकर्ता)

ग्लुकोमीटरच्या पट्टीच्या टोकाला रक्त ओढून घेणारी जी चिंचोळी फट असते, तिच्या तळाशी कार्बनच्या शाईवर वाळवलेला एन्झाइमचा थर असतो. मीटर जो आकडा दाखवतो, तो या थरातून काही सेकंदांत किती इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचले याचा हिशेब असतो. नागपुरातील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला रसायनशास्त्र शिकवताना असे थर मी विद्यार्थ्यांकडून करून घेतो आणि त्यातून माझे मत असे झाले आहे की, या संवेदकाचा भरवसा एन्झाइमपेक्षाही त्याच्या भोवतीचा थर कोणाला आत येऊ देतो आणि कोणाला अडवतो यावर अधिक अवलंबून असतो. त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो; वैद्यकीय प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांनी त्यात अवश्य भर घालावी.

या कामाचे मूळ एन्झाइम म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेज. ते बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवतात. ग्लुकोजचा रेणू आला की हे एन्झाइम त्याचे ग्लुकोनोलॅक्टोनमध्ये ऑक्सिडीकरण करते, त्यातून काढलेले दोन इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला देते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. मोजण्याजोग्या गोष्टी येथेच मिळतात : एक तर किती ऑक्सिजन खर्ची पडला ते मोजावे, किंवा किती पेरॉक्साइड तयार झाले ते मोजावे. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी 1962 साली पहिला मार्ग सुचवला. क्लार्क यांच्याच ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर त्यांनी दोन पडद्यांच्या मध्ये एन्झाइम कोंडले. 1967 साली अपडाइक आणि हिक्स यांनी एन्झाइम पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या जेलमध्ये अडकवून ते टिकाऊ केले. 1973 साली गिलबॉल्ट आणि लुब्रानो यांनी प्लॅटिनमवर पेरॉक्साइडचे ऑक्सिडीकरण करून थेट विद्युतप्रवाह मोजला. आमच्या प्रयोगशाळेतील बहुतेक प्रयोग आजही या शेवटच्या वाटेनेच जातात.

आता पातळपणाचा प्रश्न. ग्लुकोजला थरातून आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाण्यात ग्लुकोजचा विसरण गुणांक, म्हणजे तो किती झपाट्याने पसरतो याचे माप, सुमारे 6.7 × 10⁻⁶ चौ. सेंमी प्रति सेकंद आहे. जेलसारख्या थरात तो दहापट कमी धरला, तर 100 मायक्रोमीटर जाडीच्या थराला साधारण सव्वा मिनिट लागते आणि 10 मायक्रोमीटरच्या थराला एक सेकंदही लागत नाही. जाडी दहापट कमी केली की वेळ शंभरपट वाचतो, म्हणूनच या क्षेत्रातील बरेचसे कष्ट मायक्रोमीटर आणि नॅनोमीटरमधील थर नीट, एकसारखे आणि चिवट कसे घालावेत याकडे गेले आहेत.

तथापि वेग ही सोपी अर्धी बाजू झाली. प्लॅटिनमवर पेरॉक्साइडचे ऑक्सिडीकरण करण्यासाठी 0.6 ते 0.7 व्होल्ट इतके विभव (विद्युतदाब) लावावे लागते आणि एवढ्या विभवाला रक्तातील अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, युरिक आम्ल आणि पॅरासिटामॉल हेही इलेक्ट्रॉन देऊन मोकळे होतात. इलेक्ट्रोडला देणारा कोण याची ओळख नसते, त्यामुळे आकडा फुगतो. यावर उपाय म्हणून एन्झाइमच्या खाली आणखी एक थर घालतात. नॅफिऑन या पॉलिमरचा थर ऋणभारित असल्यामुळे तो अ‍ॅस्कॉर्बेट आणि युरेट यांना दूर सारतो, पण पॅरासिटामॉलवर भार नसल्यामुळे ते त्यातून बिनधास्त आत जाते. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा थर आणि ऑर्थो-फेनिलिनडायअमिनपासून विद्युत-बहुवारिकीकरणाने (विद्युतप्रवाहाने रेणूंच्या साखळ्या जोडून) केलेला थर रेणूच्या आकारावरून निवड करतात. या दुसऱ्या थराची गंमत अशी की तो स्वतः विद्युतरोधक असतो, म्हणून सुमारे 10 नॅनोमीटर जाडीला पोहोचला की आपली वाढ आपणच थांबवतो. एवढ्या पातळ थरात सगळीकडे सारखी जाडी मिळणे हे दुसऱ्या कोणत्याही रीतीने फार अवघड आहे.

वर्धारोड

लेख आवडला. एक शंका आहे. पातळपणाने इतका फायदा होत असेल तर एन्झाइमचा एकच रेणू जाडीचा थर का घालत नाहीत? आणि दंडावर चिकटवायचे जे संवेदक आता मिळतात, त्यांतही हाच थर असतो का?

पातळथर

एकरेणवीय थर घालतात, आणि आपल्या देशातही घातले गेले आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत बी. डी. मल्होत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिथायोफिनच्या लँगम्यूर-ब्लॉजेट थरांत ग्लुकोज ऑक्सिडेज बसवण्याचे काम केले आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर रेणूंची एक साय धरायची आणि काच हळूहळू बुडवून, वर काढून ती साय थरावर थर अशी उचलून घ्यायची, अशी ती पद्धत आहे. प्रतिसाद फार जलद मिळतो, पण एन्झाइमची शिल्लक राहत नाही. थर जाड असला की त्यातले काही एन्झाइम निकामी झाले तरी उरलेले एन्झाइम आत येणारे सगळे ग्लुकोज संपवू शकते आणि बाहेर दिसणारा प्रवाह बराच काळ बदलत नाही. एकरेणवीय थरात जे एन्झाइम मेले, त्याचा तोटा तत्काळ आकड्यात दिसतो.

दुसरी अडचण ऑक्सिजनची आहे. रक्तशर्करा 300 मिग्रॅ प्रति डेसिलिटर असेल तर ते 16.7 मिलिमोल प्रति लिटर होते. हवेशी समतोल असलेल्या पाण्यातला ऑक्सिजन जेमतेम 0.25 मिलिमोल असतो आणि त्वचेखालच्या द्रवात तर त्याहूनही कमी. अभिक्रियेत मात्र ग्लुकोजच्या एका रेणूला ऑक्सिजनचा एक रेणू लागतो. म्हणजे शर्करा जिथे जास्त आणि म्हणून मोजणे सर्वांत महत्त्वाचे, नेमका तिथेच ऑक्सिजन कमी पडून आकडा खालीच अडकून बसतो. त्वचेखालच्या संवेदकावर म्हणून सर्वांत बाहेर पॉलियुरेथेनसारखा एक पडदा घालतात, जो ग्लुकोजला मुद्दाम अडवतो आणि ऑक्सिजनला मोकळी वाट देतो. एन्झाइमचा थर पातळ करून मिळवलेला वेग काही प्रमाणात या पडद्यात गमवावा लागतो आणि तो सौदा डोळे उघडे ठेवून केलेला असतो. शिचिरी यांच्या गटाने 1982 साली सुईच्या आकाराचा जो त्वचेखालचा संवेदक केला, त्यापासून हे चालत आले आहे.

ऑक्सिजनवर अवलंबून राहूच नये, हा दुसरा विचार. 1984 साली इंग्लंडमधील कॅस, हिल, टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरोसीन हा मध्यस्थ वापरला. तो एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि इलेक्ट्रोडला नेऊन देतो. 1987 साली बाजारात आलेला पेनाच्या आकाराचा एक्झॅकटेक मीटर याच तत्त्वावर होता. अ‍ॅडम हेलर यांनी पुढे ऑस्मियमचे संकुल पॉलिमरच्या साखळीला बांधून एन्झाइमला जणू तारेनेच इलेक्ट्रोडशी जोडले. मध्यस्थ साखळीला बांधलेला असल्यामुळे तो शरीरात सुटत नाही, आणि विभवही कमी लागत असल्यामुळे पॅरासिटामॉलचा उपद्रव टळतो. दंडावरच्या एका प्रचलित संवेदकात हीच जोडणी आहे. पेरॉक्साइड मोजणारे संवेदकही आहेत, आणि त्यांच्या जुन्या आवृत्त्यांबरोबर पॅरासिटामॉल घेऊ नये अशी स्पष्ट सूचना असे. आपला संवेदक कोणत्या जातीचा आहे, हे माहितीपत्रकात पाहून ठेवावे.

धंतोली_पॅथॉलॉजी

मी वैद्यकीय प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, त्यामुळे थराच्या दुसऱ्या टोकाने, म्हणजे रक्ताच्या बाजूने लिहितो.

पट्टीत पूर्ण रक्त जाते आणि प्रयोगशाळेत प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला द्रव, तपासला जातो. पूर्ण रक्तात तांबड्या पेशींची गर्दी असते; त्या ग्लुकोजच्या वाटेत आडव्या येतात आणि थरापर्यंत पोहोचणाऱ्या प्लाझ्माची जागाही व्यापतात. पेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, कमी असेल तर वाट मोकळी होते, थरात जास्त ग्लुकोज पोहोचते आणि पट्टी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. हिमॅटोक्रिट जास्त असेल तर याच्या उलट होते. प्रत्येक पट्टीच्या माहितीपत्रकावर ती किती हिमॅटोक्रिटपर्यंत ग्राह्य आहे हे छापलेले असते. काहींची मर्यादा 30 ते 55 टक्के असते, तर काही 20 टक्क्यांपर्यंत खाली जातात.

ही गोष्ट विदर्भात पुस्तकी राहत नाही. आपल्याकडे रक्तक्षय आहे आणि सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीच्या रुग्णांत हे दोन्ही नेहमी भेटतात. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी फसवी ठरते आणि आकडा खोटाच कमी येतो. ज्यांच्यात दोन्ही जनुके सिकलची आहेत, त्यांच्यात मुळात हिमोग्लोबिन ए नसतेच, मग त्याला ग्लुकोज चिकटून होणारे एवनसी कुठून येणार? अशा रुग्णाला रोजच्या मोजणीवरच विसंबावे लागते, आणि नेमके त्याचेच हिमॅटोक्रिट पट्टीच्या मर्यादेखाली गेलेले असू शकते. दोन्ही चाचण्या विरुद्ध दिशांनी चुकतात, म्हणून एकीने दुसरीची खातरजमा करता येत नाही. आमच्याकडे असा रुग्ण आला की मी सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) कागद आधी मागतो. नव्या मीटरांपैकी काही त्याच थेंबातून विद्युतरोध मोजून हिमॅटोक्रिटची दुरुस्ती करतात. सिकलसेल असलेल्या घरी घ्यायचा तर असाच मीटर घ्यावा, मग पट्टी चार पैसे महाग पडली तरी चालेल.

एक बाजू आमच्या विरुद्धही सांगतो. पट्टी आणि लॅब यांचे जमत नसेल तर दोष नेहमी पट्टीचाच असतो असे नाही. नळीत काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात. साध्या तापमानाला दर तासाला 5 ते 7 टक्के ग्लुकोज कमी होते, आणि मे महिन्यात दुचाकीच्या डिकीतून आलेल्या नळीचे काय होत असेल त्याची कल्पनाच केलेली बरी. राखाडी बुचाच्या नळीतले फ्लोराइडसुद्धा पहिला तासदीड तास पेशींना पूर्ण थांबवत नाही. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा ग्लुकोज जास्तच असते, त्यामुळे तुलना करायची तर उपाशीपोटी करावी. 2013 च्या आयएसओ 15197 मानकानुसार 100 च्या खाली 15 मिग्रॅ आणि 100 पासून पुढे 15 टक्के एवढा फरक 95 टक्के मोजण्यांत चालतो. लॅबचे 200 आणि पट्टीचे 225 यांवरून काउंटरवर भांडण होते, पण ते मानकाच्या आतले आहे.

काटोल_बागायतदार

आमच्या बाबांना मधुमेह आहे. संत्र्याची तोड चालू असताना ते दिवसभर बागेत असतात आणि त्या दिवसांत त्यांची शुगर घरच्या मीटरवर फार वर दिसते. बोट स्पिरिटच्या कापसाने पुसूनच टोचतो. दुसऱ्या दिवशी तपासणी केली तर आकडा ठीक येतो. डॉक्टरांनी औषध वाढवावे का, असा प्रश्न उभा राहिला आहे. शिवाय पट्ट्यांची डबी कूलरच्या खोलीत ठेवतो; दुकानदाराने फ्रीजमध्ये ठेवायला सांगितले होते. ते बरोबर आहे का?

धंतोली_पॅथॉलॉजी

दादा, औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच, पण त्याआधी बाबांनी हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून मोजावे. फळ सोलल्यावर बोटावर साखर राहते आणि ती थेंबात मिसळते. जपानमधील संशोधकांनी 2011 साली संत्रे, द्राक्षे आणि किवी सोलल्यानंतर हीच तपासणी करून पाहिली. स्पिरिटने पुसूनही आकडा खोटाच जास्त येत राहिला आणि हात धुतल्यावर तो जागेवर आला. थेंब एखाद्या मायक्रोलिटरचाही नसतो, त्यात रसाचा पुसटसा अंशही पुरतो. धुतलेल्या हाताचे आकडे आठवडाभर लिहून मगच डॉक्टरांकडे जावे.

पातळथर

पट्ट्यांविषयी मी सांगतो, कारण हा थराचाच प्रश्न आहे. बहुतेक पट्ट्या 30 अंशांपर्यंत ठेवायच्या असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यामुळे गाडीच्या कप्प्यात किंवा पत्र्याच्या खोलीत त्या ठेवूच नयेत. कोरडे एन्झाइम उष्णता बऱ्यापैकी सोसते. ओल मात्र जास्त घातक आहे. ज्या पट्ट्यांत फेरिसायनाइड हा मध्यस्थ असतो, तो दमट हवेत हळूहळू फेरोसायनाइड होतो, आणि रक्त लागण्याआधीच जमलेला हा फेरोसायनाइड मीटरला ग्लुकोजसारखाच दिसतो. कूलरची हवा थंड असते, पण ती पाण्याने भरलेली असते. अशा खोलीत डबीचे झाकण उघडे राहणे वाईट. फ्रीजचा धोका वेगळा आहे : थंड डबी बाहेर काढून लगेच उघडली की आत दव धरते. माहितीपत्रकात फ्रीजला मनाई असेल तर ती पाळावी. कूलर नसलेल्या आतल्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात, झाकण घट्ट लावून डबी ठेवणे हे सगळ्यांत सोपे. डबीच्या झाकणातली शोषक गोळी काढून टाकू नये आणि पट्ट्या दुसऱ्या डबीत ओतू नयेत. मीटरलाही बहुधा 40 अंशांपर्यंतच काम करता येते, त्यामुळे बागेत दुपारी तो तापमानाची चूक दाखवत असेल तर तो बिघडलेला नाही.

मेडिकल_चौक

यात एक भर. सगळ्या पट्ट्यांत ग्लुकोज ऑक्सिडेज नसते. ऑक्सिजनची कटकट टाळण्यासाठी अनेक पट्ट्यांत ग्लुकोज डिहायड्रोजिनेज वापरतात आणि त्याचे उपप्रकार आहेत. पीक्यूक्यू हा सहघटक (एन्झाइमला कामासाठी लागणारा जोडीदार रेणू) असलेला उपप्रकार माल्टोजलाही ग्लुकोज समजतो. पोटातून डायलिसिस करणाऱ्या रुग्णाला आयकोडेक्स्ट्रिनचा द्रव दिला जात असेल तर त्याच्या रक्तात माल्टोज येते, पट्टी शुगर वाढल्याचे सांगते, त्यावरून इन्शुलिन दिले जाते आणि खरी शुगर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2009 साली याबद्दल इशारा दिला, तेव्हा अशा 13 मृत्यूंची नोंद त्यांच्याकडे होती. एफएडी सहघटकाच्या पट्ट्यांत माल्टोजचा हा घोळ होत नाही. डायलिसिसच्या रुग्णाच्या नातेवाइकांनी पट्टीवर कोणते एन्झाइम लिहिले आहे ते वाचूनच डबी घ्यावी.

अंबाझरी_प्रयोग

सर, मी एम.एस्सी.च्या प्रकल्पात प्लॅटिनमवर पॉलिपायरोलचा थर वाढवताना त्याच द्रावणात ग्लुकोज ऑक्सिडेज घालून ते अडकवले आहे. पहिल्या दिवशी प्रवाह उत्तम मिळतो, पण त्याच ग्लुकोज द्रावणात तो पुढे उतरत जातो. 0.7 व्होल्टवर मोजतो आहे. एन्झाइम मरते आहे असे मानावे का?

पातळथर

एन्झाइमवर आरोप ठेवण्याआधी थर तपासा. पायरोलचा थर वाढताना धनभारित असतो आणि ग्लुकोज ऑक्सिडेजचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला त्याचा एकूण भार शून्य होतो तो, 4.2 च्या आसपास असल्यामुळे पीएच 7 ला ते ऋणभारित असते, म्हणून ते थरात ओढले जाते. फाउल्ड्स आणि लो यांनी 1986 साली हीच कृती दाखवली होती. मात्र ते आत केवळ अडकलेले असते, रासायनिक बंधाने बांधलेले नसते. इलेक्ट्रोड धुतलेल्या बफरमध्ये ग्लुकोज, पेरॉक्सिडेज आणि ऑर्थो-डायअ‍ॅनिसिडिन घालून पाहा. रंग आला तर एन्झाइम थरातून बाहेर पाझरते आहे. तसे असेल तर थरावर ग्लुटराल्डिहाइडची अगदी सौम्य मात्रा द्यावी. जास्त मात्रेने एन्झाइम जागच्या जागी बांधले जाते, पण निम्मे निकामीही होते.

रंग आला नाही तर संशय पॉलिपायरोलवर जातो. 0.7 व्होल्टला आणि तयार होणाऱ्या पेरॉक्साइडच्या सान्निध्यात त्याचे अतिऑक्सिडीकरण होते आणि त्याची विद्युतवाहकता जाते. दोन वाटा आहेत. ऑर्थो-फेनिलिनडायअमिनचा थर घ्यावा, ज्याला वाहक राहण्याची गरजच नाही आणि जो अ‍ॅस्कॉर्बेटलाही अडवतो. किंवा खाली प्रशियन ब्ल्यूचा थर घालून पेरॉक्साइडचे शून्य व्होल्टच्या आसपास क्षपण करावे. दुसऱ्या वाटेत बफर पोटॅशियमचे असू द्या आणि पीएच 7 च्या वर नेऊ नका, कारण अल्कधर्मी द्रावणात प्रशियन ब्ल्यू विरघळत जातो आणि सोडियम आयन त्याच्या जालात नीट मावत नाहीत.

जाडीची नोंद ठेवता का? पायरोलसाठी प्रति चौ. सेंमी सुमारे 24 मिलिकूलोम भार गेला की 0.1 मायक्रोमीटर थर बसतो, असा ढोबळ हिशेब वापरतात. प्रत्येक वेळी वेळेऐवजी भार मोजून थर थांबवलात तर तुमचे इलेक्ट्रोड एकमेकांशी जुळतील. पायरोल ताजे ऊर्ध्वपातित असावे. तपकिरी झालेले वापरू नये.

आणखी एक गोष्ट, जी पदव्युत्तर प्रकल्पांत हमखास निसटते : ग्लुकोजचे द्रावण त्याच सकाळी करता का? ग्लुकोजच्या रेणूची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपे असतात आणि एन्झाइम फक्त बीटा रूपावर काम करते. बाटलीतले कोरडे ग्लुकोज बहुधा अल्फा रूपात असते आणि पाण्यात गेल्यावर काही तासांत 36 टक्के अल्फा आणि 64 टक्के बीटा असा समतोल येतो. ताज्या द्रावणाचा प्रवाह कमी दिसतो आणि दुपारी वाढतो. प्रमाण द्रावण आदल्या रात्री करून ठेवा, फ्रीजमध्ये ठेवल्यास मोजण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आणि एन्झाइमऐवजी अल्ब्युमिन अडकवलेला एक कोरा इलेक्ट्रोड प्रत्येक मोजणीत सोबत ठेवा. त्याच्यावर जो प्रवाह येईल तो ग्लुकोजचा नसतो.

अंबाझरी_प्रयोग

द्रावण सकाळीच करत होतो आणि भार मोजलेला नाही, फक्त वेळ धरली होती. अल्ब्युमिनचा इलेक्ट्रोड आणि बफरची रंगचाचणी सोमवारपासून लावतो, आकडे इथेच टाकतो. प्लॅटिनम घासायला अ‍ॅल्युमिनाची 0.05 मायक्रोमीटरची भुकटी चालेल का?

पातळथर

चालेल. आधी 0.3 ची, मग 0.05 ची, त्यानंतर पाण्यात अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवा, नाहीतर कण पृष्ठभागात रुतून राहतात. मग सौम्य गंधकाम्लात चक्रीय व्होल्टॅमोग्राम (विभव वरखाली फिरवून प्रवाहाचा आलेख) काढून हायड्रोजनची शिखरे स्वच्छ दिसेपर्यंत थांबा. शिखरे दिसली नाहीत तर थर घालू नका.